आवाज फुटला, पण गाणं थांबलं नाही

पूर्वी चर्चमध्ये गाणाऱ्या मुलाचा आवाज वयात येताना फुटला की त्याची कारकीर्द संपायची, असं म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत खरंच, पण इंग्लिश गायक विल्यम सॅव्हेज आठवला. 1735 मध्ये संगीतकार हँडेलने आपल्या 'अल्चिना' या ऑपेरात (गायलेल्या नाटकात) ओबेर्तोची भूमिका मुद्दाम या पोरासाठी घातली. सिंह बनलेल्या बापाला शोधणारा मुलगा! तेव्हा तो पंधराएक वर्षांचा, कोवळ्या उंच पट्टीत गाणारा. पाचच वर्षांनी, 1740 मध्ये, हँडेलच्याच 'इमेनेओ' ऑपेरात तो नायक झाला, आणि तोही खर्जातला! एकाच संगीतकाराने एकाच गळ्यासाठी दोन टोकांना लिहिलेलं असं मला तरी दुसरं ठाऊक नाही.

पुढे तो रंगभूमीपेक्षा चर्चकडेच वळला. चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे राजघराण्याच्या चर्च-गायकवृंदात गायक, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये गायक आणि तिथल्या मुलांचा गुरू. चर्चसाठी रचनाही केल्या, पण माझ्या मते त्याची खरी कमाई म्हणजे शिष्य. संगीतकार जोनाथन बॅटिशिल त्याच्याच हाताखालचा. लेक जेनसुद्धा संगीतकार झाली, तिच्या रचना छापून आल्या. तिच्यावर मात्र स्वतंत्रच लिहायला हवं.