एर्गोनॉमिक्सवाला कारखान्यात येऊन नक्की काय करतो?

उद्यमबाग_टर्नर: नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर आहे. जमिनीवरच्या पॅलेटमधून 14 किलोचं कास्टिंग उचलायचं, लेथच्या चकमध्ये, म्हणजे ते पकडून फिरवणाऱ्या भागात लावायचं, दिवसभर हेच. शिफ्टमधली निम्मी पोरं कंबर धरून बसतात. मालक आता एर्गोनॉमिक्सचा माणूस बोलवणार आहेत. तो डॉक्टर असतो की खुर्च्या विकणारा?

वडगावची_ताई: दोन्ही नाही ओ दादा. काम माणसाच्या शरीराला झेपेल असं बसवणं म्हणजे एर्गोनॉमिक्स. मी फिजिओथेरपीतून याच कामात आले. काही जण इंजिनिअरिंगमधून येतात, काही डिझाईनमधून. जाणकार माणूस आल्या आल्या सल्ला देत नाही. आधी मशीनजवळ उभा राहून बघतो, मग टेप काढतो.

तुमचंच घ्या. उचलण्याचं गणित करायला अमेरिकेतल्या नायोश संस्थेचं सूत्र आहे. सगळं मनासारखं असेल तर मर्यादा 23 किलो. म्हणजे वजन घोट्यांपासून 25 सेंटीमीटरवर, जमिनीपासून 75 वर, कंबर न वळवता, अधूनमधूनच उचलायचं. तेच जमिनीवरून, 50 सेंटीमीटर लांबून उचललं की मर्यादा 9 किलोच्याही खाली येते. त्यात दिवसभर उचलणं आणि चककडे वळणं धरलं की आणखी कमी. मग 14 किलोला कंबर धरणारच की! पोरं कामचुकार नाहीत, हे मालकांना आकड्यांत दाखवणं हे या कामातलं मोठं कसब.

मच्छे_फिटर: पण कास्टिंगचं वजन कसं कमी करणार?

वडगावची_ताई: ते तेवढंच राहू दे. पॅलेट वर घ्या. अँगल वेल्डिंग करून कमरेच्या उंचीचं भक्कम स्टँड करा आणि चकच्या जवळ, समोर ठेवा, म्हणजे वळावं लागणार नाही. पॅलेट रिकामं होत जाईल तसं वाकणं पुन्हा वाढतं, म्हणून जमल्यास वर-खाली होणारं टेबल घ्या. आमच्या वडगावात मागावर तुटलेला धागा जोडायला बायका कितीदा वाकतात, तेही असंच बसून मोजायला हवं. तिकडे कुणी फिरकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खानापूर_डिप्लोमा: ताई, हे शिकायचं कुठं?

वडगावची_ताई: मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तिथं चौकशी कर. शरीररचना आणि मोजमाप पक्कं पाहिजे. आपल्याकडं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलता आलं पाहिजे, नाहीतर दुखणं कुठं आहे ते कामगार सांगतच नाही.

आणि टर्नर दादा, तो माणूस येईल त्या दिवशी रोजच्याच वेगानं काम करा. साहेब उभे आहेत म्हणून सावकाश, नीट वाकून उचललंत तर मोजमाप चुकीचं येईल.