मेंदूतला ऑक्सिजन मोजणारं यंत्र: कोणतं घ्यावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी भूलतज्ज्ञ. आमच्या ट्रस्टच्या रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रिया सुरू होऊन वर्ष झालं. आता सेरेब्रल ऑक्सिमीटर घ्यायचाय आणि तुलनेचा तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात आलंय.

माहितीपत्रकं वाचली तर सगळी यंत्रं सारखीच. कपाळाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या, त्यातून अवरक्त प्रकाश आत जातो, तीन-चार सेंटिमीटरवर परत येतो त्यावरून टक्केवारी. पण मागच्या आठवड्यात डेमोच्या यंत्रानं गोंधळात टाकलं. रुग्ण पंपावर (हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर) गेल्यावर रक्तदाब, म्हणजे प्रेशर, ४८ ला आलं. परफ्युजनिस्टनं (पंप चालवणाऱ्या तंत्रज्ञानं) फेनिलेफ्रिन, म्हणजे रक्तवाहिन्या आकसून प्रेशर वाढवणारं औषध, दिलं, प्रेशर ६५ झालं, आणि मेंदूचा आकडा ६३ वरून ५७! सर्जन म्हणाले, "तुमचं यंत्र उलटं चालतं का हो?" पंपाचा फ्लो, हिमोग्लोबिन, कार्बन डायऑक्साइड, काहीच बदललं नव्हतं.

घरी येऊन वाचलं. २०१२ मध्ये १२ निरोगी स्वयंसेवकांच्या डोक्याभोवती कफ फुगवून फक्त कातडीचा रक्तपुरवठा थांबवला होता. तीन कंपन्यांची यंत्रं लावली होती: इन्व्होसचा आकडा सरासरी १६.६ टक्क्यांनी उतरला, फोर-साइटचा ११.८, इक्वानॉक्सचा ६.८. मॉडेल्स त्या वेळची, पण मुद्दा तोच: आकड्यात कपाळाची कातडीही बोलते. शिवाय मोजलेल्या रक्तात शिरांमधलं रक्त किती, हे कुणी ७५ टक्के धरतं, कुणी ७०. मग एका यंत्राचे ६५ आणि दुसऱ्याचे ६५ एकच कसे?

वापरलेल्यांनी सांगा: औषधानं आकडा पडला तर मेंदू की कातडी, हे ओटीत कसं ओळखता? आणि समितीपुढे कोणता निकष ठेवू?

प्रतिसाद १
डॉक्टर, दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवूच नका. भूल देण्याआधी रुग्णाची बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचा आकडा, घ्या. तिथून २० टक्के खाली गेला की धावपळ करायची. तुमच्या रुग्णात ६३ चे ५७ म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. एक पट्टी हातावरही लावा. दोन्हीकडे पडलं तर संशय कातडीवर. आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर नॉर्मलला आणून बघा. मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याला लगेच दाद देतात. काविळीच्या रुग्णात आकडा उगाच कमी दिसतो, तेव्हा घाबरू नका. समितीला यंत्राची नव्हे, पट्ट्यांची किंमत विचारायला सांगा. यंत्र एकदाच घ्याल, पट्ट्या प्रत्येक केसला फेकायच्या.

धागाकर्ता
आभारी आहे मॅडम. आत्ता चार्ट काढला. कार्बन डायऑक्साइड बदलला नव्हता हे खरं, पण होताच मुळी ३१, म्हणजे नॉर्मलपेक्षा कमी. आकड्याकडे बघताना तो कुणी पाहिलाच नाही, मीसुद्धा. डेमो मंगळवारी पुन्हा मागवलाय, यावेळी हातावरच्या पट्टीसकट.