सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) नोटीस आली. पंचायतीचा परवाना चालेल का?

किनारवासी, मोरजी: भरती रेषेपासून साधारण दीडशे मीटरवर जुनं घर. पंचायतीचा परवाना घेऊन पडवी वाढवली. आता किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची 'कारणे दाखवा' नोटीस आलीय, वाढीव बांधकाम का पाडू नये म्हणून. निवडून न आलेली माणसं स्वतःच नियम करणार आणि स्वतःच पाडणार? म्हापशाच्या कोर्टातून स्टे मिळेल?

वकील, पणजी: दिवाणी कोर्टात जाऊ नका. पर्यावरण संरक्षण कायदा 1986, कलम 22 नुसार तिथे दावाच चालत नाही. फुकट दिवस जातील. आणि नियम प्राधिकरण करत नाही. सीआरझेड अधिसूचना 2011 केंद्राची, प्राधिकरण नेमलंय तेही केंद्रानेच, कलम 3 खाली. पाडण्याचा आदेश निघतो कलम 5 खाली. म्हणजे त्यांचा हात अधिसूचनेपुरताच पोचतो. आदेशात तिच्याबाहेरची अट दिसली तर नेमकी तीच धरा.

पंचायतीच्या परवान्यावर विसंबू नका. सीआरझेडची मान्यता वेगळी लागते.

सर्व्हेवाला: पडवीची बाजू लंगडीच आहे. सीआरझेड-3 मध्ये (किनाऱ्याचा फारसा न बांधलेला, बहुतेक ग्रामीण पट्टा) भरती रेषेपासून 200 मीटरच्या आत अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण जोत्याचं क्षेत्रफळ आणि एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात एकूण बांधकाम) आहे तेवढाच. मूळ घर वाचवा. ते 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीचं, म्हणजे पहिल्या सीआरझेड अधिसूचनेच्या आधीचं असल्याचं दाखवा: सर्व्हे प्लॅन, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद), त्याआधीची वीजबिलं. घरपट्टीच्या पावत्याही जोडा, पण त्यांनी घर होतं एवढंच कळतं, अधिकृत होतं असं नाही. सर्व्हेअरकडून जुन्या प्लॅनवर आजचं जोतं चढवून घ्या. जुनं-नवं वेगळं दाखवलं नाहीत तर पाहणीत सगळं घर एकच बांधकाम म्हणून नोंदलं जाण्याची भीती.

किनारवासी: मुदत किती? काम अर्धवट आहे.

वकील, पणजी: काम आजच थांबवा. गंभीर हानीची शक्यता वाटली तर कारणं लेखी नोंदवून सुनावणीशिवायही आदेश देता येतो. एरवी पर्यावरण संरक्षण नियमांतल्या नियम 4 प्रमाणे हरकतीला नोटीस मिळाल्यापासून किमान 15 दिवस, म्हणून पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट फेकू नका. भिंतीवर डकवली असेल तर तारखेसह फोटो. उत्तराची पोच घ्या, सुनावणी चुकवू नका. आदेश एकतर्फी झाला की हे कागद पहिल्यांदा अपिलातच दाखवावे लागतात. अपील राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाकडे, 30 दिवसांत. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत, पुढे नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा लावा, नुसत्या अपिलाने पाडकाम थांबत नाही.