मेरियनबाईंच्या अळ्या आणि कोषातून निघालेल्या माश्या

प्रश्न: कीटकांचा अभ्यास करणाऱ्या जर्मन चित्रकार मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) यांच्या चित्रांत एकाच झाडावर अंडी, अळी, कोष आणि पतंग दिसतात. हे पाहून काढलंय की जुळवून? काही अळ्यांपासून पतंगाऐवजी माश्या निघाल्याचंही त्यांनी दाखवलंय. ती चूक समजायची का? त्यांच्यासारखी अळी पाळून बघायची आहे, तर काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद १: पाहिलेलंच आहे, फक्त एका वेळी नाही. १६६० साली, तेराव्या वर्षी, बाईंनी रेशीमकिड्यांपासून सुरुवात केली. पुढे मिळेल ती अळी आणून तिला तिचंच झाड खाऊ घालायचं आणि अवस्था बदलली की चर्मपत्राच्या लहान तुकड्यावर चित्र काढायचं, हा क्रम त्यांनी आयुष्यभर चालवला. हे तुकडे लावलेली त्यांची वही सेंट पीटर्सबर्गला आहे. छापील चित्रात त्या सगळ्या अवस्था एका फांदीवर आणत. १६७९च्या सुरवंटांच्या पुस्तकात अशी ५० चित्रं आहेत.

प्रतिसाद २: पाळण्याबद्दल. अळी ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं द्या. बहुतेक जातींच्या अळ्या दुसरं झाड तोंडातही घेत नाहीत, उपाशी मरतात. डब्याला जाळीचं झाकण आणि तळाला कागद हवा. विष्ठा रोज काढा. बंद डब्यात ओल साठते, बुरशी धरते आणि अळ्या काळ्या पडून मरतात. फांदी पाण्यात ठेवलीत तर बाटलीचं तोंड कापसाने बुजवा, नाहीतर अळ्या आत पडून बुडतात. अळी खाणं सोडून स्वस्थ बसली तर ती कात टाकणार असते. तेव्हा हात लावू नका, पान बदलायचं असेल तर जुन्या पानासकट नव्यावर ठेवा. पूर्ण वाढलेली अळी डबाभर सैरावैरा फिरू लागली की कोषाची वेळ आली. जमिनीत कोष करणाऱ्या जातींना ८–१० सेंमी भुसभुशीत, किंचित ओलसर माती लागते. कोषाजवळ खरबरीत काडी उभी करा. पतंगाला वर चढून पंख खाली सोडायला जागा मिळाली नाही, तर ते चुरगळलेलेच वाळतात आणि मग काही केल्या सरळ होत नाहीत.

प्रतिसाद ३: माश्यांची नोंद अगदी बरोबर आहे, आणि मला तरी बाईंची खरी थोरवी तिथेच दिसते. अपेक्षेविरुद्ध निघालेलं त्यांनी गाळलं नाही. परजीवी गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडी घालते. काही माश्या अळीच्या कातडीवर घालतात. पिल्लं आतून अळीला खातात, ती मात्र बरेच दिवस नेहमीसारखी चरत राहते. अळीवर तांदळाएवढे पांढरे कोष दिसले तर ते गांधीलमाशीचे. डब्यात तपकिरी, पिंपासारखी गुळगुळीत कवचं सापडली तर माशीची. हे टाळायचं तर अळी नको, अंडी आणून जाळीखाली वाढवा. अंड्यांवरही परजीवी असतात, पण धोका पुष्कळ कमी होतो.

प्रतिसाद ४: चुका वेगळ्या ठिकाणी आहेत. १६९९ ते १७०१ त्या धाकट्या मुलीबरोबर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला होत्या, आजारपणामुळे परतल्या आणि १७०५ला ६० चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात कंदीलकिडा (मोठ्या, पोकळ डोक्याचा एक कीटक) रात्री उजेड देतो असं लिहिलंय. तो देत नाही. उलट, पक्षी खाणाऱ्या कोळ्याच्या चित्रावरून त्यांची टिंगल झाली, पण मोठे कोळी लहान पक्षी खातात हे पुढे सिद्ध झालं.

चित्रं ताडून बघताना डावं-उजवं तपासा. तांब्याच्या पत्र्यावरून छापलं की चित्र उलटं येतं. काही प्रतींत शाई ओली असतानाच त्यावर दुसरा कागद दाबून चित्र पुन्हा सुलटं केलेलं आहे. त्यातल्या रेषा फिकट असतात आणि पत्र्याच्या कडेची खूण उमटत नाही.