मदत हवी आहे: मेक्सिको सिटीहून मोरेलोस राज्यात आई-बाबांसह उबदार हवेची छोटी सहल

नमस्कार.

मी गेली तीन वर्षे नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत राहतो आणि डिसेंबरअखेरीस माझे आई-बाबा वर्ध्याहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले आहेत. मेक्सिको म्हणजे उकाडा, अशी त्यांची समजूत होती. परंतु हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर असल्यामुळे जानेवारीत दुपारी कितीही लख्ख ऊन पडले तरी पहाटे चांगलीच थंडी असते, आणि इथल्या बहुतेक घरांत हीटर नसल्यामुळे ती घरातही जाणवते; वर्ध्याच्या उन्हाळ्यात आयुष्य काढलेल्या बाबांनी आल्यापासून कानटोपी उतरवलेली नाही. त्यांना दोन-तीन दिवस तरी ऊब मिळावी, म्हणून शेजारच्या मोरेलोस राज्यात जाण्याचा विचार आहे. मोरेलोस आपल्या वर्धा जिल्ह्यापेक्षाही लहान आहे, त्यामुळे थोड्या वेळात बरेच पाहून होईल असे वाटते.

फेब्रुवारीचा पहिला सोमवार संविधान दिनाच्या सुटीचा असल्यामुळे शनिवार ते सोमवार अशी सलग सुटी मिळते. पहिल्या दिवशी तेपोस्त्लानला जाऊन तेपोस्तेकोच्या डोंगरावरचे मंदिर पाहावे, दुसऱ्या दिवशी शोचिकाल्को या प्राचीन नगराचे अवशेष आणि तिथली सूर्यप्रकाशाची गुहा पाहावी, आणि तिसऱ्या दिवशी क्वेर्नावाका शहर पाहून परतावे, असा आराखडा मी केला आहे. आईचे वय ६८ असून तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर चालते, पण जिने तिला झेपत नाहीत. दोघेही शाकाहारी आहेत, अंडीही खात नाहीत. बाबा कृषी खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे देवळांपेक्षा शेतात काय उभे आहे याची चौकशी ते आधी करतात.

हा आराखडा जमण्यासारखा आहे का, मुक्काम कुठे करावा, आणि आईच्या खाण्याचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या आराखड्यात ठिकाणे चांगली आहेत, परंतु सहल ज्यांच्यासाठी आहे त्यांना त्यातले फारसे काही मिळणार नाही, असे स्पष्टच लिहितो.

तेपोस्तेकोची वाट म्हणजे दगडी पायऱ्यांची उभी चढण आहे. धडधाकट माणसालाही तिला तासभर लागतो, आणि उतरताना गुडघ्यांचे हाल अधिक होतात. आईंना तिथे नेऊ नये. गावात जायचेच असेल तर रविवारचा बाजार आणि सोळाव्या शतकातला डॉमिनिकन मठ पाहून परतावे. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उतारावरचे जे मठ १९९४ साली जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यांपैकी तो एक आहे आणि तो गावाच्या सपाट भागात आहे. शोचिकाल्कोच्या गुहेत छताच्या झरोक्यातून सूर्यप्रकाश उतरतो तो एप्रिलअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, त्यामुळे फेब्रुवारीत त्यासाठी जाण्यात अर्थ नाही. पंखधारी सर्पाचे मंदिर अप्रतिम आहे, पण तो सारा परिसर उघड्या टेकडीवर, पायऱ्या-पायऱ्यांचा आहे.

आता उबेविषयी. मोरेलोसमध्ये जितके खाली उतराल तितकी ऊब वाढते, हे एक सूत्र धरले की बाकीचे आपोआप ठरते. तेपोस्त्लान सुमारे १,७०० मीटरांवर असून तिथे रात्री शाल लागते. क्वेर्नावाका सुमारे १,५०० मीटरांवर आणि क्वाउत्ला १,३०० मीटरांवर आहे. म्हणून मुक्काम क्वेर्नावाकाच्या मध्यभागी करावा आणि एक दिवस क्वाउत्लाकडे काढावा. क्वाउत्लाला आग्वा एदिओन्दा नावाचे गंधकयुक्त पाण्याचे कुंड आहे. नावाचा अर्थच ‘दुर्गंधी पाणी’ असा आहे आणि वास खरोखर येतो. मात्र ते वज्रेश्वरीसारखे कढत नाही, जेमतेम कोमट आहे, ही कल्पना आई-बाबांना आधी द्यावी, नाहीतर निराशा होईल. हॉटेलात पोहण्याचा तलाव असेल तर पाणी तापवलेले असते का, हे विचारूनच खोली घ्यावी.

आपल्या बाबांसाठी मात्र हे राज्य म्हणजे पर्वणी आहे. मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या काळापासून इथे ऊस आहे आणि फेब्रुवारीत तोडणीचा हंगाम चालू असतो. तोडणीआधी फड पेटवण्याची पद्धत असल्यामुळे कधीकधी हवेत काळी राख उडताना दिसते. साखरेच्या हासिएन्दांनी, म्हणजे बड्या जमीनदारी मळ्यांनी, गावांची जमीन आणि पाणी गिळले, त्यातूनच मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा नेता झापाता याचे बंड उभे राहिले. त्याचे जन्मगाव आनेनेक्विल्को क्वाउत्लाजवळच आहे. क्वेर्नावाकाच्या कोर्तेस प्रासादात दिएगो रिवेराने काढलेल्या भित्तिचित्रांत उसाच्या कामावर राबणारे मजूर आणि पांढऱ्या घोड्यासह झापाता, दोन्ही आहेत. हाच रिवेरा, ज्याने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवणाऱ्या भारतीय क्रांतिकारक पांडुरंग खानखोज्यांना रंगवले. खानखोजे वर्ध्याचेच, हे बाबांना सांगायला नकोच. ते चित्र सहलीआधी दाखवून आणावे, मग क्वेर्नावाकाची भिंत त्यांना अधिक बोलकी वाटेल.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त तारखांचा पुनर्विचार करावा असे सुचवतो. सलग सुटीत निम्मे मेक्सिको सिटी क्वेर्नावाकाच्या महामार्गावर असते. शुक्रवारी संध्याकाळी निघालात किंवा सोमवारी दुपारनंतर परतलात, तर दीड तासाच्या प्रवासाला चार तासही लागू शकतात. एक आठवडा आधीचा साधा शनिवार-रविवार घ्यावा आणि सकाळी सातच्या आत निघावे. गाडी नसेल तर तास्केन्याच्या दक्षिण बसस्थानकावरून वारंवार बस सुटतात. वाटेत त्रेस मारियासपाशी रस्ता सुमारे ३,००० मीटरांपर्यंत चढतो, तेव्हा कानटोपी तिथपर्यंत राहू द्यावी.

त्रेस मारियासलाच न्याहारी करावी. तिथल्या केसादियांत, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळ्यांत, भोपळ्याची फुले किंवा वित्लाकोचे भरून मिळते. वित्लाकोचे म्हणजे मक्याच्या कणसावरची काणी; ज्या रोगाविरुद्ध आपल्या बाबांनी नोकरीत फवारण्या सुचवल्या असतील, तो इथे चवीने खातात. खरी अडचण मांसाची नसून चरबीची आहे: घोटलेल्या घेवड्यात आणि कित्येकदा मक्याच्या पिठातही डुकराची चरबी, म्हणजे मान्तेका, घालतात, आणि भात व सूप कोंबडीच्या रश्शात शिजवतात. ‘कार्ने (मांस) नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ (चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको) असे नेमके सांगावे आणि तळलेल्याऐवजी तव्यावर भाजलेले मागावे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तेपोस्तेको आणि शोचिकाल्को दोन्ही वगळले असून, सलग सुटीच्या आधीच्या शनिवारी क्वेर्नावाकात दोन रात्रींची खोली घेतली आहे; सोमवारची मी रजा टाकतो. आधी पाहिलेल्या हॉटेलात तलावाच्या पाण्याविषयी विचारले असता ‘दुपारी उन्हाने तापते’ असे उत्तर आले, म्हणून ते सोडून दुसरे घेतले. शिक्षण मंत्रालयातले चित्र येत्या बुधवारी पाहणार आहोत. एकच शंका उरली आहे: क्वाउत्लाच्या बाजूला ऊसतोडणी चालू असलेल्या फडाजवळ थांबून मजुरांशी बोलणे तिथे रुचते का, की आधी कोणाची परवानगी घ्यावी लागते? बाबा थांबल्याशिवाय राहणार नाहीत, हे मला आत्ताच दिसते आहे.