फिटच्या गोळ्यांची लेव्हल लाळेतून करता येते का? (सुईला घाबरणारी मुलगी)

गडहिंग्लजची_आई
मुलगी ९ वर्षांची, फिटसाठी कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही चालू आहे. फिट आटोक्यात आहेत पण हल्ली सकाळची गोळी घेऊन शाळेत गेली की दुपारपर्यंत एकाचे दोन दिसतात म्हणते, चालताना झोक पण जातो, म्हणून डॉक्टरांनी दोन्हीची लेव्हल (रक्तात औषध किती आहे ते) करायला सांगितलीय. आता प्रॉब्लेम असा की सुई दिसली की ही बया अख्खी लॅब डोक्यावर घेते, मागच्या वेळी तिघांनी धरून रक्त काढलं तेव्हा मलाच रडू आलं. जाऊबाईंचा भाऊ म्हणतो बाहेर देशात नुसती लाळ घेऊन पण बघतात. खरंय का? आपल्याकडे कुठे होतं, कुरिअरने पाठवता येतं का?

गोळीबंद
खरंय, आणि नवीन पण नाही, १९७० च्या दशकापासून यावर काम झालंय. रक्तातलं औषध थोडं अल्ब्युमिनला (रक्तातल्या एका प्रोटीनला) चिकटलेलं असतं आणि थोडं मोकळं, मेंदूवर काम करतं ते मोकळं आणि लाळेत उतरतं ते पण मोकळंच. रक्ताची नेहमीची टेस्ट मात्र दोन्ही मिळून आकडा देते. म्हणजे तत्त्व म्हणून लाळ उलट जास्त कामाची.
पण तुमच्या केसमध्ये अर्धंच काम होईल ताई. कार्बामाझेपिन लाळेत छान मिळतं. व्हॅल्प्रोएट मात्र आम्लधर्मी, शरीराच्या पीएचला (आंबटपणाच्या मापाला) जवळजवळ सगळं आयन, म्हणजे विद्युतभार असलेलं, होऊन बसतं आणि तसं ते लाळेत नीट उतरतच नाही, आज एक आकडा उद्या दुसरा, त्यावरून डोस ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. त्याला रक्तच. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरॅसिटॅम ही लाळेत चालतात, फेनिटॉइन पण चालतं, फिनोबार्बिटोनला लाळेचा पीएच बघून हिशोब करावा लागतो.
अजून एक, कार्बामाझेपिनची रक्तातली रेंज ४ ते १२ असते पण मोकळं असतं साधारण पाव हिस्सा, त्यामुळे लाळेत दीड-दोन आलं तरी ते नॉर्मल असू शकतं. ते रक्ताच्या रेंजशी लावून डोस वाढवला तर पोरगी आडवीच होईल.

लॅबवाली_सुषमा
मी लॅबमध्ये आहे. तत्त्व वगैरे ठीक आहे पण तुम्ही डबीत लाळ घेऊन आलात तर आमच्यासारख्या बहुतेक लॅब घेणारच नाहीत, कारण किट असतं ते सीरमचं (रक्त गोठल्यावर वर राहतं त्या पाण्याचं) आणि रिपोर्टवर छापायची रेंज पण सीरमचीच. कुरिअर करण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर पैसे फुकट.
कुठे झालंच तर गोळीचा डोस घ्यायच्या आधी सॅम्पल द्यायचं, तोंड पाण्याने खळखळून धुवायचं, जरा थांबायचं आणि आपोआप सुटेल ती लाळ घ्यायची, खाकरून बेडका नको (टीबीच्या टेस्टमुळे लोक तेच करतात). सिरप किंवा चावून खाल्लेली गोळी दातात राहते आणि आकडा भलताच चढतो. हिरड्यातून रक्त येत असेल तरी सॅम्पल बाद.
आणि सुईचंच भ्या असेल तर डॉक्टरांना विचारून लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम घ्या, तासभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून वर प्लास्टिक चिकटवायचं, पोरं खरंच कमी ओरडतात.

बेळगावचे_काका
हिरड्यांवरून आठवलं, आमच्या हिच्या फेनिटॉइनने हिरड्या सुजल्यात, ब्रश केला की रक्त, म्हणजे लाळेचा मार्ग आम्हाला बंदच. पण मोकळ्या लेव्हलचं महत्त्व आम्ही भोगलंय. किडनीमुळे अल्ब्युमिन कमी, त्यात फेनिटॉइन ९० टक्के चिकटलेलं असणारं, त्यामुळे रिपोर्टवर १० ते २० च्या खाली आकडा आला आणि एकाने डोस वाढवला. झालं, ही भिंत धरून चालायला लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी मोकळी लेव्हल काढायला लावली तर ती २ च्या वर, म्हणजे जास्तच. त्यांनी सांगितलं की हे औषध एका मर्यादेपुढे लिव्हरला आवरत नाही, डोस थोडासा वाढवला तरी लेव्हल धाडकन वर जाते.

गडहिंग्लजची_आई
बापरे. मग आमच्या पोरीचं पण असंच काही असेल का?

गोळीबंद
थोडं वेगळं असेल. कार्बामाझेपिनपासून शरीरात एपॉक्साइड नावाचा पदार्थ बनतो, तोही औषधासारखंच काम करतो आणि त्रासही देतो. व्हॅल्प्रोएट सोबत असलं की तो साफ व्हायचा थांबतो. मग कार्बामाझेपिनची लेव्हल रेंजमध्ये दिसते आणि पोरगी मात्र झोकांड्या खाते. साध्या टेस्टमध्ये हा दिसेलच असं नाही. दुसरं म्हणजे साधी गोळी असेल तर ती काही तासांनी चढते, तुमची दुपार तिथेच बसते, सकाळच्या डोसआधीचं सॅम्पल निवांत नॉर्मल येईल. त्रास होतोय त्या वेळचं सॅम्पल घ्यायचं का आणि सीआर (हळूहळू विरघळणारी) गोळी चालेल का, दोन्ही विचारा. खोकल्याला कुणी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं होतं का तेही सांगा, त्यानेही कार्बामाझेपिन वाढतं.
आणि हे सगळं उद्याच फोन करून सांगा, लेव्हलची वाट बघत बसू नका. मनाने गोळी मात्र बंद करू नका हं, एकदम बंद केली की फिट उसळून येते.

गडहिंग्लजची_आई
खोकल्याचं औषध चालू होतं खरं, नाव बघावं लागेल, बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. क्रीम कोपराला दोन्ही हातांना लावू का एकाच?

लॅबवाली_सुषमा
दोन्हीला, पहिल्या हातात शीर नाही सापडली तर दुसरा तयार पाहिजे. फक्त एकूण किती लावायचं ते डॉक्टरांना वजन सांगून विचारा.