दुधा-अंड्यांसाठी जनावर मारत नाहीत, मग व्हीगन लोकांचा आक्षेप कशाला?

शेवंती: मांस सोडण्यामागचं कारण पटतं. पण व्हीगन मंडळी दूध आणि अंडीही वर्ज्य मानतात. त्यात जीव कुठे जातो? आणि दूध बंद केलं तर बी-१२ चं काय? स्पिरुलिना (गोळ्या-पावडर म्हणून मिळणारं निळं-हिरवं शेवाळ) पुरेल का?

रानवाट: जीव जातो, फक्त दुधाच्या पेल्यापाशी उभं राहून तो दिसत नाही. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही. गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. व्यावसायिक गोठ्यात व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा रेतन करतात, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात पुढचं वेत. वासराला बहुधा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आईपासून तोडतात, कारण ते जे पिईल ते विकता येत नाही. त्यातली निम्मी वासरं नर, त्यांना दुधाच्या धंद्यात जागाच नाही. गाय २० वर्षं जगू शकते, पण अनेक देशांत दूध उतरलं की पाच-सहा वर्षांची असतानाच ती कत्तलखान्यात जाते.

अंड्यांचंही तेच. अंड्यांसाठी पैदा केलेल्या जातीचा नर ना अंडी देतो, ना मांसासाठी परवडेल इतका वाढतो. म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर पिल्लं वेगळी काढून मारतात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. मादीचे हालही कमी नाहीत. जिच्यापासून ही जात आली ती रानकोंबडी वर्षाला १०-१५ अंडी घालते, ही ३०० च्या आसपास. प्रत्येक कवचाला लागणारं कॅल्शियम काही अंशी तिच्या हाडांतून येतं. हाडं ठिसूळ होतात आणि छातीचं हाड मोडलेल्या कोंबड्या कळपात सर्रास सापडतात.

कवडसा: बी-१२ बद्दल. स्पिरुलिना नको. तिच्यात मुख्यतः बी-१२ सारखा दिसणारा, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असा पदार्थ असतो.

हे जीवनसत्त्व बनवतात जिवाणू, त्यामुळे गोळी घेणं कमीपणाचं मुळीच नाही. मोठ्या माणसाने रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम घ्यावं. आकडे इतके वेगळे का? आतड्यातली शोषणाची मुख्य वाट एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेते. त्यापलीकडचं साधारण १ टक्काच आत झिरपतं. म्हणून एकदाच घ्यायचं तर डोस मोठा लागतो.

चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. त्यात पालेभाज्या, कडधान्यांतून फोलेट (आणखी एक ब जीवनसत्त्व) भरपूर मिळालं की बी-१२ च्या कमतरतेचा रक्तक्षय दिसत नाही, पण नसांची हानी आतून चालूच राहते. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नका.

कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नये, त्यातल्या ऑक्झलेटमुळे जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. कॅल्शियम घातलेलं सोया दूध घेत असाल तर डबा जोरात हलवा, ते तळाशी बसतं.

शेवंती: मग गायी-कोंबड्यांना मोकळं, चांगलं ठेवलं तर दूध-अंडी चालतील?

रानवाट: हाल कमी होतील, आणि तेही मोलाचं आहे. पण कल्याण आणि हक्क हे दोन वेगळे प्रश्न. पिंजरा केवढा असावा हा कल्याणाचा प्रश्न. ज्याला वेदना होते, भीती वाटते, स्वतःचं आयुष्य आहे, त्याला आपण साधन म्हणून वापरावं का, हा हक्काचा. मोकळ्या गोठ्यातही नर वासराचं काय आणि भाकड गायीचं काय, हे सुटत नाहीच.

‘झाडांनाही जीव असतो’ असंही कुणी म्हणेल. झाडांना मज्जासंस्था नाही. आणि झाडांचीच काळजी असेल तरी जनावराला आयुष्यभर चारा घालून मग त्याला खाण्यात जास्तच झाडं लागतात.

उंबरा: कवडसा यांच्या उत्तरात भर. बी-१२ ची रक्ततपासणी गोळी सुरू करण्याआधी करा. नंतर केली तर रक्तातला आकडा चढलेला दिसतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही. आकडा काठावर असेल तर डॉक्टरांना मिथाइलमॅलोनिक आम्लाच्या तपासणीबद्दल विचारा, पेशींना खरंच पुरतंय का ते त्यात जास्त नेमकं समजतं. ड जीवनसत्त्वाच्या गोळीचं लेबलही वाचा: डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, दगडफुलापासून केलेलंही मिळतं.